बटणं किती

फोन आला तेव्हा मी बीट किसत होते.
विल्नियसहून कोणी मुलगी, नाव उग्ने.
म्हणाली, आमच्या भाषेत त्याचा अर्थ आग,
आणि लगेच म्हणाली, माफ करा.

मालिकेच्या कपडेपटात काम करते.
तुम्ही धुलाईत होतात ना, झिनाइदा त्रोखिमिवना,
अणुकेंद्राच्या?
नऊ वर्षं, मी म्हटलं, त्या शुक्रवारपर्यंत.

मग तिने विचारलं, पांढरा म्हणजे कसा पांढरा?

अडतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
आयोगाने विचारलं, कुठे होतात, किती वाजता.
डॉक्टरांनी विचारलं, केस कधीपासून.
पत्रकारांनी, काय वाटलं.
पांढरा कसा, ते हिनेच.

मी सुटलेच.
नवा असतो तो दोन महिने पांढरा, बाई.
पुढे कितीही नीळ घाला,
कॉलर पिवळी ती पिवळीच, कोपर राखाडी.
नंबर शाईचा, उकळून उकळून पुसट.
माणूस मी वासावरून ओळखायचे.
ती म्हणाली, आम्ही चहात बुडवू.
मी म्हटलं, फार कडक नको.

आणि बटणं?
पाच, मी म्हटलं.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी
यारेमा फोन घेऊन शेजारी बसला. नातू. पंधरा वर्षांचा.
त्याला चुका धरायला आवडतात.
आजी, खिडक्या प्लास्टिकच्या.
आजी, एप्रिलात एवढी पानं?
आजी, शहरात सायरन वाजतोय, वाजला होता?
छे. काही वाजलं नाही.
आम्ही झोपलो होतो. सकाळी मी पावाच्या रांगेत उभी होते,
ऊन चांगलं पडलं होतं.
मग असंच का नाही दाखवत?
शांतता दाखवली, मी म्हटलं,
तर लोक टीव्हीला थापडा मारतील.

मग तो आला.
पानास. पण नाव दुसरं दिलेलं,
तिघांचा मिळून एक केलाय, शेवटी लिहून येतं तसं.
उंची एकाची, मरण दुसऱ्याचं,
आणि एक प्रेयसी, जी तिघांपैकी कोणाचीच नव्हती.
पानास असा ओरडायचा नाही.
अडखळायचा तो. माझं नाव घेताना तर फारच,
त्रो, त्रो, मग सोडून द्यायचा आणि हसायचा.
खिशात दर आठवड्याला लिमलेटची एक गोळी विसरायचा,
इतक्या नेमाने कोणी विसरतं का?

पण कपडा खरा होता.
कॉलरची पिवळाई, कोपर, शाई,
कडक नसलेला चहा.
मी पडद्याच्या इतकी जवळ गेले
की यारेमा म्हणाला, आजी, डोळे.
मी मोजत होते.
गळ्यापासून खाली,
पाच.
पाचही जागच्या जागी, धाग्यासकट.

चुकीचं काय आहे यात?
पोशाखाला बटणं पाचच असतात. मी खोटं सांगितलं नाही.
त्या शुक्रवारी त्याचं दुसरं तुटलं होतं.
मला दिसलं होतं. बटण माझ्या एप्रनमध्ये होतं,
सुईत दोरासुद्धा ओवलेला,
पण बस सुटत होती,
म्हटलं सोमवारी.
तसाच घडी करून कप्प्यात ठेवला, रात्रपाळीच्या.

उग्नेला सांगितलं असतं तर तिने तोडलं असतं.
फार नेटकी मुलगी.

एवढ्यात पुन्हा सायरन.
यारेमा म्हणाला, बघ, परत तीच चूक,
आणि आवाज बारीक केला.
आवाज बारीक झाला नाही.
तो स्लावुतिचचा होता, आजचा,
आमच्या खिडकीबाहेरचा.

आम्ही सवयीने उठलो,
दोन भिंतींच्या मधल्या बोळात जाऊन बसलो,
तो, मी, आणि बुटांची रांग.
दिवे गेले. लांब कुठे तरी काही झालं, मग काही नाही.
बराच वेळ.

चार होती, मी म्हटलं.

त्याने अंधारात कान दिला.
मी दोनच मोजली, आजी, तो म्हणाला.